दशमी की एकादशी : एका ब्रेनडेड बाईंची केस

आधीच सांगते, ही केस जशीच्या तशी एका घरातली नाही. दोन-तीन घरांतलं एकत्र केलंय, वयं, गावं, धंदे बदललेत, आणि हॉस्पिटल कुठलं ते विचारू नका. मी डॉक्टर नाही. कॉलेजात फिलॉसॉफी शिकवते आणि पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीवर बाहेरची मेंबर म्हणून बसते, म्हणजे चार डॉक्टर, एक वकील, एक सोशल वर्कर आणि बहुतेक वेळा चहा येईपर्यंत गप्प असलेली मी. या केसमध्ये मी गप्प बसले नाही, आणि एका ठिकाणी तरी बसायला हवं होतं.

पेशंट ४६ वर्षांच्या. धायरीला पोळीभाजी केंद्र. माहेर, सासर दोन्ही सासवडकडचं. सोमवारी पालखी पुण्यात येणार, एका मंडळाची वारकऱ्यांच्या जेवणाची मोठी ऑर्डर होती, म्हणून रविवारी पहाटेच पीठ चाळायला बसल्या आणि 'डोकं फुटतंय माझं' म्हणत भिंतीला टेकल्या त्या परत उठल्या नाहीत. मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी फुटली होती, ॲन्युरिझम म्हणतात तो. रविवारभर काहीतरी हालचाल होती. सोमवारी रात्री बाहुल्या मोठ्या होऊन थिजल्या, नळीतून कफ ओढताना येणारा खोकला बंद झाला, बीपी कोसळलं, आणि लघवी अशी सुरू झाली की पिशव्या बदलून सिस्टर दमल्या (डोक्यातली पिट्युटरी गेली की हे होतं). मंगळवारी सकाळी साडेआठला पहिली ब्रेनस्टेम टेस्ट (मेंदूचा खालचा देठ चालू आहे का ते बघणारी), दुपारी साडेतीनला दुसरी. दोन टेस्टमध्ये कमीत कमी सहा तास जावे लागतात, आणि सही चार डॉक्टरांची लागते, त्यात अवयव बसवणाऱ्या टीमचा एकही डॉक्टर चालत नाही.

कमिटीला बोलावलं ते पहिल्या टेस्टनंतर, मंगळवारी अकराच्या सुमाराला. कारण आयसीयूच्या बाहेर भांडण पेटलं होतं.

घरचे चौघं. नवरा पीएमपीत ड्रायव्हर, तीन दिवस तोच शर्ट. मुलगा वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला. पेशंटचा थोरला भाऊ, सासवडहून आलेला. आणि सासू, ७८ वर्षांच्या, गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी पुण्याहून सासवडपर्यंत माऊलींच्या पालखीबरोबर चालणाऱ्या, यंदा आयसीयूबाहेरच्या स्टीलच्या बाकावर पाय वर घेऊन बसलेल्या.

भांडणाचं मूळ एका वाक्यात होतं. आयसीयूचे डॉक्टर हुशार माणूस, पण तीन रात्री झोपलेले नव्हते. त्यांनी नवऱ्याला सांगितलं, 'दादा, त्या गेल्यात, ब्रेनडेड आहेत. आता व्हेंटिलेटर काढला की जातील.' भावाने तिथल्या तिथे पकडलं. गेल्यात तर मग जातील कशा? आणि जायच्या असतील तर अजून गेल्या नाहीत ना?

मी वर्गात वीस वर्षं विसंगती म्हणजे काय ते शिकवतेय, इतकं चोख उदाहरण माझ्याकडे कधीच नव्हतं.

यात डॉक्टरांचा अडाणीपणा नाही हो. हे वाक्य जगभरच्या आयसीयूत रोज बोललं जातं, कारण 'मेली' या एका शब्दात आपण तीन-चार वेगळ्या गोष्टी कोंबल्यात आणि हॉस्पिटलात त्या एकेक करून सुट्या होतात. आपल्या बोलण्यात त्या सुट्याच आहेत खरं तर. शुद्ध हरपते. धुगधुगी राहते. जीव घुटमळतो. प्राण जातो. म्हातारी माणसं या चार गोष्टींची कधी गल्लत करत नाहीत, आपण शिकलेले करतो.

त्या बाकावर चौघं चार वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं समोरचा हट्टी आहे.

मुलगा शुद्धीबद्दल बोलत होता. रात्रभर मोबाईलवर वाचून आलेला. त्याने मला विचारलं, 'मॅडम, तुम्ही टेनिसवाला स्टडी वाचलाय का?' वाचलाय. २००६ साली केंब्रिजमध्ये एड्रियन ओवेन आणि त्यांच्या टीमने २३ वर्षांच्या एका मुलीवर केलेला. ॲक्सिडेंटनंतर डोळे उघडे, पण कशालाच प्रतिसाद नाही, डॉक्टरांच्या भाषेत व्हेजिटेटिव्ह स्टेट. तिला एमआरआयमध्ये ठेवून सांगितलं, कल्पना कर की तू टेनिस खेळतेयस, आणि तिच्या मेंदूतला नेमका तोच भाग उजळला जो तुमच्याआमच्या मेंदूत उजळेल. मग सांगितलं, घरातल्या खोल्यांमधून फिरतेयस अशी कल्पना कर, तर दुसरा भाग. म्हणजे आत कुणीतरी ऐकत होतं. २०२४ मध्ये याच धर्तीवरचा मोठा अभ्यास आला, सांगितलेलं काहीच न करणारे २४१ पेशंट तपासले, त्यातल्या ६० जणांचा मेंदू सूचना पाळत होता. चौघांत एक. मुलाला हे आकडे तोंडपाठ होते. तो म्हणाला, 'आई जन्मात टेनिस खेळली नाही, पण पोळ्या लाटायला सांगा ना तिला. एकदा सांगून तरी बघा.'

यावर कुणाला काय बोलायचं सुचेना. मलाही नाही.

पण त्याचं चुकत होतं, आणि ही चूक फार जण करतात म्हणून जरा थांबून सांगते. व्हेजिटेटिव्ह स्टेटमध्ये ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूचा खालचा देठ, चालू असतो. माणूस स्वतःचा श्वास स्वतः घेतो, झोपतो, जागा होतो, डोळे उघडतो. अरुणा शानबाग आठवा. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधली नर्स, नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला, त्यानंतर मे २०१५ मध्ये न्यूमोनियाने जाईपर्यंत त्या केईएमच्याच वॉर्डात होत्या, नर्सच्या पिढ्या बदलल्या तरी त्यांना भरवत, पुसत राहिल्या. २०११ साली सुप्रीम कोर्टाने त्यांच्याच केसमध्ये स्पष्ट म्हटलं की त्या ब्रेनडेड नाहीत, जिवंत आहेत. प्रश्न होता तो जिवंत बाईचं काय करायचं हा. आपल्या पेशंटच्या बाबतीत देठच गेला होता. आणि तो एमआरआय वाचतो ते मेंदूतल्या रक्तातला ऑक्सिजन, इथे सूज इतकी वाढली होती की कवटीच्या आत रक्त शिरतच नसणार. आमच्या न्यूरॉलॉजिस्ट मॅडमनी एक चांगली गोष्ट केली. आपल्या कायद्याला डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी तपासणी, लागत नाही, पण त्यांनी मुलाला शेजारी उभं करून डोक्याचा डॉप्लर केला आणि स्क्रीनवर दाखवलं, रक्त दर ठोक्याला थोडं पुढे जातं आणि तेवढंच मागे येतं. बंद दारावर आपटून परत आल्यासारखं. मुलगा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला, मग मोबाईल खिशात ठेवला.

(त्याने नंतर कॅलिफोर्नियातल्या जाही मॅकमॅथचंही विचारलं. १३ वर्षांची मुलगी, डिसेंबर २०१३ मध्ये ब्रेनडेड ठरली, आईने मानलं नाही, न्यू जर्सीला नेलं कारण तिथे धर्माच्या कारणाने ही व्याख्या नाकारता येते, आणि ती पोर मशीनवर जून २०१८ पर्यंत राहिली, वाढली, वयातसुद्धा आली. ॲलन शूमन नावाचे न्यूरॉलॉजिस्ट अशा केसेस कित्येक वर्षं गोळा करतायत. मी त्याला खोटं सांगितलं नाही. म्हटलं, ही केस मला अवघड जाते.)

भाऊ जीवाबद्दल बोलत होता. 'जीव अडकलाय तिचा. तुम्हाला किडन्या पाहिजेत म्हणून घाई.' पहिलं वाक्य श्रद्धेचं, दुसरं संशयाचं, आणि संशयाला इतिहास आहे हे डॉक्टरांना आवडत नसलं तरी खरं आहे. डिसेंबर १९६७ मध्ये ख्रिश्चन बर्नार्ड या सर्जननी केपटाऊनला पहिलं हृदय बदललं, फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईत केईएमला डॉ. पी. के. सेन यांनीही तो प्रयत्न केला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हार्वर्डच्या कमिटीने 'कायमचा कोमा म्हणजे मृत्यू' ही नवी व्याख्या मांडली. त्या रिपोर्टमध्ये कारणं उघड दिलीत : असे पेशंट घरच्यांवर आणि हॉस्पिटलवर ओझं होतात, आणि जुन्या व्याख्येमुळे अवयव मिळवताना वाद होतात. हान्स योनास या तत्त्वज्ञाने तेव्हाच हरकत घेतली होती. त्याचं म्हणणं साधं होतं, जगणं आणि मरणं यातली नेमकी रेघ माहीत नसेल तर जगण्याच्या बाजूने झुका, आणि व्याख्या करताना अवयवांची गरज मनात ठेवू नका. सासवडचा शेतकरी माणूस योनास न वाचता तेच म्हणत होता.

आता माझी चूक.

दुपारी बाराला आम्ही सगळे काउन्सेलिंग रूममध्ये बसलो, ती एसी जास्त असलेली खोली, टेबलावर टिश्यूचा डबा. सोशल वर्कर छान बोलली, वकील कमी बोलले म्हणून बरे वाटले. आणि मला वाटलं आजींना आपल्यातलं काहीतरी सांगावं. म्हणून मी छांदोग्य उपनिषदातली प्राणांची गोष्ट काढली. वाणी, डोळा, कान, मन आणि प्राण यांच्यात भांडण लागतं, मोठं कोण. प्रजापती म्हणतो, ज्याच्या जाण्याने शरीराची सगळ्यात वाईट दशा होईल तो मोठा. वाणी वर्षभर निघून जाते, शरीर मुक्याने जगतं. डोळा जातो, आंधळ्याने जगतं. कान जातो. मन जातं, तर तान्ह्या बाळासारखं, बिनमनाचं, पण जगतं. मग प्राण निघायला लागतो आणि खुंटाला बांधलेला उमदा घोडा खुंटासकट उपटून काढावा तसे बाकीचे सगळे त्याच्याबरोबर उपटले जातात, आणि हात जोडतात, बाबा तू जाऊ नको.

मला काय सुचवायचं होतं कुणास ठाऊक. बहुतेक हेच की आपल्याकडेही यावर विचार झालाय वगैरे. आजी शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, 'बाई, तुमच्या पोथीत मन जाऊन माणूस जगतंय. श्वास आहे तोवर आहे. मग हिचा श्वास तर चालूय की. छाती वरखाली होतीय, मी बघून आले.'

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर 'यासाठी बोलावलं होतं का हिला' असं स्वच्छ लिहिलेलं.

आणि मुलगाच बोलला. 'आजी, तो श्वास तिचा नाहीये. मशीनचा आहे.'

इथे मला स्वतःला एक गोष्ट नव्याने दिसली. आपण 'ब्रेनडेड' म्हणतो म्हणून लोकांना वाटतं हा मनाचा मामला आहे, विचार, आठवणी, ओळख गेली की मेला. असं मानणारे तत्त्वज्ञ आहेत. रॉबर्ट वीच यांचं म्हणणं असं होतं की जाणीव कायमची गेली की माणूस गेला, मग देठ चालू असो नसो. मागे जात जात हे जॉन लॉकपर्यंत पोचतं, माणूस म्हणजे स्वतःला ओळखणारी जाणीव. पण हे मानलं तर अरुणा शानबाग यांना बेचाळीस वर्षं मेलेल्या म्हणावं लागेल, आणि केईएमच्या नर्सेसना प्रेताला भरवणाऱ्या. मला ते तोंडाने म्हणवत नाही. कुठलाही देश ते कायद्यात म्हणत नाही. आपला १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदाही म्हणत नाही. तो देठाबद्दल बोलतो. आणि देठाची शेवटची, निर्णायक टेस्ट कुठली? ॲप्नीया टेस्ट. व्हेंटिलेटर सोडवायचा, नळीतून नुसता ऑक्सिजन सोडत राहायचा, आणि आठ-दहा मिनिटं छातीकडे टक लावून बघायचं, हिला स्वतःहून श्वास घ्यावासा वाटतो का. रक्तातला कार्बन डायऑक्साईड ६० च्या वर गेला की कुठलाही जिवंत देठ कळवळून श्वास ओढतो. नाही ओढला तर नाही.

म्हणजे पांढऱ्या कोटातली ही माणसं मनाचा शोध घेतच नाहीयेत. ती प्राणाचा घेतायत. २००८ साली अमेरिकेच्या प्रेसिडेंट्स कौन्सिलनेही (राष्ट्राध्यक्षांना अशा प्रश्नांवर सल्ला देणारी कमिटी) शूमनच्या केसेसना उत्तर देताना मुख्य मुद्दा हाच धरला, जगण्याची स्वतःची ओढ, बाहेरची हवा स्वतःहून आत घेण्याची. आजींची व्याख्या आणि कायद्याची व्याख्या एकमेकींच्या इतक्या जवळ होत्या आणि अर्धा दिवस आम्ही त्यांना समजावत बसलो होतो की तुमची जुनी आहे.

मी न्यूरॉलॉजिस्ट मॅडमना विचारलं, दुसरी टेस्ट आजींना बघू देता येईल का. आधी नाही म्हणाल्या. पाठीच्या कण्यातून कधी कधी हात हलतो, बोटं हलतात, लोक घाबरतात. बरोबरच आहे. पण आजींना ते आधी सांगितलं, मुंडी कापल्यावरही फडफडणाऱ्या कोंबडीचं उदाहरण आजींनी स्वतःच दिलं (मी देणार नव्हते), आणि मॅडम तयार झाल्या.

साडेतीन वाजता आजी, नवरा आणि मी आत गेलो. सिस्टरने नेहमीसारखं, 'काकू, जरा सरळ करते हं,' म्हणून मान नीट केली. मेलेल्या माणसाला हं म्हणायचं की नाही हा विषय मी कमिटीत कधीच काढणार नाही. मशीन सोडवलं. त्याचा फुस्स-फुस्स आवाज थांबल्यावर खोली किती मोठी आहे ते कळलं. मॉनिटरवर हृदयाचे ठोके पडतच होते. आजींनी कपाळावरचा पदर मागे सारला आणि सुनेच्या छातीकडे बघत राहिल्या. नऊ मिनिटं. मी घड्याळ बघत होते, त्या नव्हत्या. हरिपाठ वगैरे काही म्हटलं नाही त्यांनी, मला वाटलं होतं म्हणतील. रक्ताचा रिपोर्ट आला, कार्बन डायऑक्साईड ७१. मशीन परत लावलं, छाती परत वरखाली व्हायला लागली.

आजी म्हणाल्या, 'नाही. तिचा नाही श्वास.' आणि बाहेर येऊन बाकावर बसल्या.

इथपर्यंत गोष्ट चांगली झाली असं कुणालाही वाटेल. सोशल वर्करने अर्ध्या तासाने अवयवदानाचं विचारलं. लिव्हर, दोन किडन्या, डोळे. झेडटीसीसीच्या (अवयव कुणाला मिळणार ते ठरवणारी संस्था) पुण्याच्या यादीत कितीतरी माणसं डायलिसिसवर वाट बघत असतात, मी काही जणांना ओळखते, त्यामुळे मी तटस्थ होते असं म्हणणार नाही. नवरा हो-नाही करत होता, मुलगा हो म्हणाला. भाऊ गप्प. आजी म्हणाल्या, गेली हे मला मान्य आहे, मी डोळ्यांनी बघितलं, पण अंग गरम आहे. गरम अंगाला सुरी लावायची नाही.

डॉक्टरांना हे अज्ञान वाटलं. मला नाही वाटलं. चरकसंहितेत जगण्याची व्याख्या आहे, शरीर, इंद्रियं, मन आणि आत्मा यांचा संयोग, आणि त्याचं एक नाव 'धारि', धरून ठेवणारं, शरीर कुजू न देणारं. संयोग म्हटलं की एक तुकडा सुटला तरी बाकीचे लगेच विखुरतात असं नाही, आणि मशीन लावल्यावर तर मुळीच नाही. आजींना कळलं होतं की प्राण गेलाय आणि शरीर अजून धरून आहे. त्या धरून असलेल्या शरीराबद्दल त्यांना काहीतरी वाटत होतं. ते चुकीचं आहे हे मी कुठल्या पुस्तकातून सिद्ध करणार? मला वैयक्तिक विचाराल तर मी हो म्हटलं असतं. माझ्या घरच्यांना मी तसं सांगून ठेवलंय. पण ते माझं अंग.

नवऱ्याने नकाराच्या कागदावर सही केली आणि म्हणाला, बरं मग आता मशीन काढा, आम्ही घेऊन जातो.

आणि इथे आमच्या वकिलांनी तोंड उघडलं.

दान असेल तर प्रश्नच नव्हता, ऑपरेशन थिएटरमध्ये मशीन आपोआप बंद झालं असतं. दान नाही तर? १९९४ च्या कायद्यातली 'ब्रेनस्टेम डेथ' ही अवयवांच्या कामापुरती लिहिलेली व्याख्या. गंमत अशी की तिच्यात सर्टिफिकेट हा व्याख्येचाच भाग आहे, म्हणजे देठाची सगळी कामं कायमची थांबलीत आणि तसं नियमाप्रमाणे प्रमाणित झालंय, दोन्ही मिळून ब्रेनस्टेम डेथ. आणि जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा मृत्यू म्हणजे जीवनाच्या सगळ्या खुणा कायमच्या नाहीशा होणं असं म्हणतो, त्यात मेंदूचं नावसुद्धा नाही. ठोका ही खूण आहे की नाही? वकील म्हणाले, रिस्क नको. मग दुसरा रस्ता, २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, २०२३ मध्ये थोडा सोपा केलेला, लाईफ सपोर्ट काढायचा, डॉक्टरांचं प्रायमरी बोर्ड, सेकंडरी बोर्ड, मॅजिस्ट्रेटला कळवणं. पण ते सगळं कुणासाठी आहे? जिवंत, पण बरा न होणाऱ्या पेशंटसाठी. म्हणजे मेलेल्या बाईचं मशीन काढायला तिला कागदावर जिवंत करावं लागणार.

मी म्हटलं, चार सह्या झाल्यात, त्यात गेल्या असं लिहिलंय. वकील म्हणाले, मॅडम, ते फॉर्म दहावर आहे. फॉर्म दहा कोणत्या कायद्याखाली आहे? अवयवांच्याच ना?

इतका राग मला क्वचित येतो. त्यांच्यावर नाही, ते त्यांचं काम करत होते. नवऱ्याला जाऊन सांगायचं काय? दुपारी तुम्हाला पटवलं की त्या गेल्या, आणि संध्याकाळी सांगतोय की अवयव देत नसाल तर अजून नाही गेल्या. भावाचा संशय आम्ही स्वतःच्या हाताने खरा करून दिला. 'बघा,' एवढंच म्हणाला तो. मी त्याच्या जागी असते तर आणखी बोलले असते.

ब्रेनडेथ ही निसर्गात सापडलेली रेघ नाही, विचार करून मारलेली आहे, आणि माझ्या मते बऱ्यापैकी चांगल्या जागी मारलीय. पण मारलीत तर सगळ्यांसाठी मारा. दान देणाऱ्यासाठी एक आणि न देणाऱ्यासाठी एक असं चालत नाही, कारण मग ती मृत्यूची रेघच राहत नाही, किडनीची होते.

शेवटी आयसीयूच्या त्या दमलेल्या डॉक्टरांनीच मधला मार्ग काढला. मशीन काढायचं नाही, पण काही वाढवायचंही नाही. बीपीची औषधं आहेत तिथेच ठेवायची, नवीन काही सुरू करायचं नाही, थांबलं तर छाती दाबायची नाही. नवऱ्याशी एकटे जाऊन बोलले, आणि या वेळी एकदाही 'जातील' म्हणाले नाहीत. 'त्या मंगळवारीच गेल्यात दादा, आता हृदय थांबायची वाट बघायचीय,' असं म्हणाले. बुधवारचं बिल हॉस्पिटलने लावलं नाही, त्यासाठी सोशल वर्कर दोन मजले चार वेळा चढली.

बुधवारी पालखी सासवडकडे निघाली. हडपसरपर्यंत सगळीकडे गर्दी, दिवे घाट वाहनांना बंद, त्यामुळे सासवडची आणखी माणसं येऊच शकली नाहीत. आजी दिवसभर बाकावर. उपास होता, कुणीतरी केळी आणून दिली. मी संध्याकाळी जाऊन अर्धा तास शेजारी बसले, काही बोलायचं नव्हतं, त्यांनी मला विचारलं की तुमची ती घोड्याची गोष्ट कुठल्या पोथीत आहे म्हणून. सांगितलं.

गुरुवारी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी हृदय थांबलं. दाखल्यावर मृत्यूची तारीख गुरुवार. अवयव दिले असते तर त्याच बाईंच्या, त्याच शरीराच्या दाखल्यावर मंगळवार दुपार आली असती.

पुढचं मला मुलाने फोनवर सांगितलं, त्याला फिलॉसॉफीचं एखादं पुस्तक हवं होतं म्हणून फोन केला होता. दहावा-तेरावा गुरुवारपासून मोजला, कारण अग्नी गुरुवारी दिला. वर्षश्राद्धाच्या तिथीवरून मात्र घरात चर्चा झाली. गुरुजींनी पंचांग काढलं आणि म्हणाले, मंगळवारी दुपारी दशमी होती, पण गुरुवारी पहाटे चारला एकादशी अजून संपलेली नव्हती, एकादशी मिळाली हो यांना, भाग्य आहे. भाऊसुद्धा म्हणाला एकादशी लावू. वारकऱ्याच्या घरात एकादशीचं मरण म्हणजे आणखी काय पाहिजे?

आजी म्हणाल्या, ती एकादशी मशीनची. हिची दशमी.

तेच ठरलं. दाखल्यावर गुरुवार आहे, आणि घरात ज्येष्ठ वद्य दशमीला पान वाढतात.